मिनीबाईकला नंबर मिळतो का? आमच्या घरातलं प्रकरण

आधीच सांगून टाकतो, त्या गुडघ्याएवढ्या पेट्रोलवाल्या मिनीबाईक ऑनलाईन मिळतात ना, त्यांना नंबर मिळत नाही. गोव्यात नाही, आणि पलीकडे महाराष्ट्रात बांद्याला कोणाच्या तरी पत्त्यावर करू म्हटलं तरी नाही, कारण मोटर व्हेईकल अ‍ॅक्ट १९८८ चा आणि तो देशभर एकच. पण का मिळत नाही हे कळेपर्यंत मी जे काय फिरलो त्यात बरंच काही समजलं, आणि त्यातलं निम्मं विकणाऱ्यांना माहीतच नसतं किंवा माहीत असून गप्प बसतात. मला तर माहीत असून गप्प बसतात हेच खरं वाटतं.

आमचे भावजी बोटीवर असतात. घरी आले की पोराला काहीतरी दणकट द्यायचं ही त्यांची जुनी खोड, यंदा त्यांनी ४९ सीसीची मिनीबाईक मागवली. भाचा पंधरा वर्षांचा, दहावीला, गावातून डिचोलीला ट्युशनला जातो आणि संध्याकाळच्या बसचा काय भरवसा नसतो. बहिणीनं मला फोन केला, "दादा, तू इतकी वर्षं इन्शुरन्सच्या लायनीत आहेस, आरटीओत तुझी ऊठबस, तेवढा नंबर काढून दे, म्हणजे तो गाडी घेऊन ट्युशनला जाईल." मी म्हटलं आधी बघतो तरी काय प्रकरण आहे ते, तोवर पेट्रोल घालू नका.

बघायला गेलो तर खोक्यातून काढून हँडल आणि पुढचं चाक बसवून गाडी पडवीत उभी. दिसायला अगदी रेसिंग बाईक, फेअरिंग बिरिंग सगळं, फक्त सीट माझ्या गुडघ्याला लागत होती. दोरी ओढून स्टार्ट, गियर नाही, रेस दिली की क्लच आपोआप पकडतो आणि चेन फिरते. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑईल मिक्स करून घालायचं. काजूच्या बागेत गवत मारायचं मशीन ज्यांनी चालवलंय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, जवळपास तसंच इंजिन. हॉर्न नाही, आरसा नाही, इंडिकेटर नाही. हेडलाईट आहे असं वाटलं म्हणून हात लावून बघितलं तर स्टिकर निघाला! खोक्यावर एका बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं की सार्वजनिक रस्त्यावर चालवू नये, आणि ज्या पेजवरून घेतली तिथे मोठ्या अक्षरात 'लायसन्स नको, रजिस्ट्रेशन नको'. हे दोन्ही मी फोटो आणि स्क्रीनशॉट काढून ठेवले, सवयच ती, क्लेमच्या कामात राहिल्यामुळे.

आरटीओत गेलो तर काउंटरवरच्या बाईनी पहिला प्रश्न विचारला, "डीलर खंयचो?" म्हटलं डीलर नाही, ऑनलाईन आहे. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की नवीन गाडीचं रजिस्ट्रेशन करायचं तर फॉर्म २० म्हणजे अर्ज, फॉर्म २१ म्हणजे विक्रीचं सर्टिफिकेट, आणि फॉर्म २२ म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीनं दिलेलं रोडवर्दी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं सर्टिफिकेट, वर इन्शुरन्स आणि पत्त्याचा पुरावा. फॉर्म २० मी भरू शकतो, २१ ओढूनताणून म्हटलं तर बिलाच्या जोरावर मागता येईल, पण २२ कुठून आणणार? तो देणारी कंपनीच भारतात कुठे दिसत नाही. चासी नंबर विचारला तर तोही स्टिकरच, लोखंडावर ठोकलेला नाही, नखानं खरवडला तर निघेल. आणि कंप्युटरवर वाहन पोर्टलला कंपनी नि मॉडेल लिस्टमधून निवडावं लागतं, ज्या मॉडेलला टेस्टिंग एजन्सीचं अप्रूव्हल आहे तीच लिस्टमध्ये येतात, क्लार्कनं मनात आणलं तरी त्याला नाव टाइप करून घालता येत नाही. म्हणजे हे ओळखीचं कामच नव्हे, हे बहिणीला समजावताना मला जास्त वेळ लागला.

बाईनी मला आत इन्स्पेक्टरकडे पाठवलं. हा माणूस बरा होता, गर्दी नव्हती म्हणून असेल, पण बसवून सगळं सांगितलं. कलम २(२८) मध्ये मोटर व्हेईकल म्हणजे काय ते लिहिलंय. रस्त्यावर चालण्याजोगं, यंत्राच्या ताकदीवर चालणारं कुठलंही वाहन त्यात येतं. वगळलंय ते काय, तर रुळावरून चालणारं, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचं खास बनावटीचं, आणि चारपेक्षा कमी चाकांचं ज्याचं इंजिन २५ सीसीच्या वर नाही असं. बस. त्यात उंची कुठे नाही, वजन नाही, मुलांची की मोठ्यांची हेही नाही. ४९ सीसी म्हटल्यावर ती बुलेटच्या रांगेत जाऊन बसली. नंबर पायजे, लायसन्स पायजे, इन्शुरन्स पायजे, हेल्मेट पायजे, आणि यातली पहिलीच गोष्ट मिळणं शक्य नाही.

"मग २४ सीसीची असती तर?" मी विचारलं. ते म्हणाले तर कायद्यानं ती मोटर व्हेईकलच नाही, पण रस्त्यात अडवलं तर ती २४ चीच आहे हे दाखवणारा कंपनीचा कागद तुमच्याकडे पायजे, नुसत्या तोंडानं सांगून कोण ऐकणार. आणि हसून वर म्हणाले, तुम्हाला २४ ची मिळाली तर मलाही दाखवा.

घरी येऊन हे सांगितलं तर भावजींचा पहिला मुद्दा, ठीक आहे रस्त्यावर नको, आपल्या वाडीत, देवळाच्या मैदानात चालवू दे, ते काय पब्लिक रोड नव्हे. आता इथे लोक फसतात. कायद्यात 'पब्लिक प्लेस'ची व्याख्या अशी आहे की रस्ता असो, गल्ली असो, वाट असो की दुसरी कुठली जागा, जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती पब्लिक प्लेस, मग तिथून आरपार रस्ता जातो की नाही याचा संबंध नाही. म्हणजे देवळाचं मैदान आलं, फुटबॉलचं ग्राउंड आलं, किनारा पण आला (किनाऱ्यावर जीप घालून वाळूत रुतून बसणारे टुरिस्ट आणि मग त्यांच्यावर झालेल्या केसेस आपण पेपरात वाचतोच). आणि रजिस्ट्रेशनचं जे कलम ३९ आहे त्यात तर 'पब्लिक प्लेसमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी' असे शब्द आहेत, मी स्वतः दोनदा वाचून खात्री केली. आपल्याच कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत), गेट लावून, कोणी बाहेरचा येत नाही तिथे कोण बघायला येणार हा वेगळा प्रश्न, पण कागदावर ती सूट खास बंदिस्त आवारासाठी बनवलेल्या वाहनाला आहे, मला वाटलं म्हणून मी माझं आवार बंदिस्त ठरवलं असं नाही चालत.

दुसरा मुद्दा, "दंड भरू रे, किती होईल, हजारभर?" २०१९ च्या दुरुस्तीचे दंड गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले हे भावजींना बोटीवर असल्यामुळे बहुतेक पोचलंच नव्हतं. मग मी त्यांना बसवून कायद्यातले आकडे सांगितले. विनारजिस्ट्रेशन गाडीला पहिल्या खेपेला पाच हजारपर्यंत, विनालायसन्स पाच हजार, इन्शुरन्स नाही त्याचे दोन हजार, हेल्मेट नसेल तर हजार. पण हे सगळं किरकोळ. खरं कलम आहे १९९ए. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर आईवडील किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द (आमच्या बाबतीत रद्द करायला काय होतं म्हणा), आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. पंचवीस! बहीण तोपर्यंत भाकरी थापत ऐकत होती, हे ऐकल्यावर हात पुसून बाहेर आली आणि मिनीबाईकची चावी तिनं डब्यात टाकली. नवऱ्याला तीन वर्षं जेल हे तिनं फारसं मनावर घेतलं नाही असं मला वाटलं, पण पोराला दहा वर्षं लायसन्स नाही म्हटल्यावर विषय मिटला.

यात माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. पोरगं मिनीबाईकवरून जाताना एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धडकलं, त्याचं खुब्याचं हाड मोडलं, तर काय? नेहमीच्या स्कूटरला थर्ड पार्टी इन्शुरन्स असतो, २०१८ च्या सप्टेंबरपासून तर नवीन टू-व्हीलरला तो पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, आणि माणसाला झालेल्या इजेसाठी ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट, जी काय रक्कम ठरवेल ती कंपनी भरते, तिथे वरची मर्यादा नाही. मिनीबाईकला रजिस्ट्रेशन नाही म्हणजे पॉलिसी नाही, म्हणजे ट्रिब्युनलनं आठ लाख सांगितले तर ते आठ लाख घरातून जाणार. असे लोक मी ऑफिसात बघितलेत, मिनीबाईकवाले नव्हे, पॉलिसी संपलेली स्कूटर भाच्या-पुतण्याला दिलेले, कोर्टाच्या तारखा आणि वकिलाची फी आणि शेवटी कुळागर गहाण. शिवाय ही गाडी इतकी बुटकी की कदंबाच्या बसच्या ड्रायव्हरला ती दिसणारच नाही, मग धडकेत हाड मोडणार ते आपल्याच पोराचं, आणि तिथे समोरच्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की ही गाडी रस्त्यावर होती कशाला.

भावजींचा एक मित्र स्विंडनला असतो, त्याला व्हिडिओ कॉल लावला, की बघू तरी बाहेर काय चालतं. तो म्हणाला इंग्लंडातही तसंच, पोलीस असल्या मिनीमोटो उचलून नेतात, सायकल मात्र २५० वॅट आणि ताशी साडेपंधरा मैलापर्यंत मोटरवाली चालते, वय चौदा पुरे. साडेपंधरा मैल म्हणजे पंचवीस किलोमीटर. हा आकडा पुढे परत येतो.

दरम्यान गावातल्या मेकॅनिकनं वेगळाच उपाय काढला, मिनीबाईक ठेवा बाजूला, त्याच्या जुन्या सायकललाच इंजिनचं किट बसवून देतो. ही किटं पण ऑनलाईन मिळतात, फ्रेमच्या त्रिकोणात इंजिन, वर शेंगेसारखी टाकी, मागच्या चाकाच्या स्पोकला पकडून दुसरं चेनचक्र. '८० सीसी' म्हणून विकतात, आत बहुतेक वेळा ६६ निघतं. ६६ धरा की ८० धरा, २५ च्या वर गेलं म्हणजे इंजिन बसवलं त्या मिनिटाला ती सायकल राहिली नाही, मोटरसायकल झाली, आणि तिलाही फॉर्म २२ कोण देणार? मेकॅनिक म्हणतो "पॅडल हा मरे, सायकलच ती." पॅडल तर लुनाला पण होतं की!

लुनावरून आठवलं. १९७२ ला कायनेटिकनं लुना काढली, ५० सीसीची, आमच्या बाबांकडे होती, चढावाला पॅडल मारत जायचे आणि आम्ही मागे कॅरियरवर बसून हसायचो. तिला नंबरही होता आणि बाबांकडे लायसन्सही होतं. अ‍ॅक्टमध्ये अजून कलम ४ आहे की ५० सीसीपर्यंतची मोटरसायकल सोळा वर्षं पूर्ण झालेल्याला चालवता येते, बिनगियरच्या गाडीच्या लर्निंग लायसन्सला आईबापाची लेखी संमती लागते. भाच्यानं हे कलम स्वतः शोधून काढलं आणि नाचत आला, मामा पुढच्या वर्षी मी सोळा! बरोबर आहे, लायसन्स मिळेल, लर्निंग काढून तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, लर्निंग सहा महिने चालतं. पण ५० सीसीची नंबरवाली गाडी आणणार कुठून? शोरूममध्ये जी सगळ्यात छोटी पेट्रोलची मोपेड उभी असते ती शंभराच्या आसपास. कायद्यातली सवलत तशीच आहे, गाड्या मात्र बाजारातून गेल्या.

पैसे परत मिळवायचं काम मी घेतलं. विकणारा आधी म्हणाला पॅकिंग फोडलंय, रिटर्न नाही. मग मी त्याला तो 'रजिस्ट्रेशन नको'वाला स्क्रीनशॉट पाठवला आणि लिहिलं की ही दिशाभूल करणारी जाहिरात आहे, ग्राहक कायदा २०१९ चा बघा, नाहीतर मी १९१५ ला फोन लावतो. १९१५ म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. बरीच घासाघीस झाली, कुरियरचा खर्च कापून पैसे आले. पूर्ण मिळाले नाहीत याचा राग भावजींना आहे, मला नाही.

मग ट्युशनचं काय? तर ई-सायकल. इथे मात्र कायद्यानं खरोखर दार उघडं ठेवलंय, पण त्याची चौकट नीट बघून घ्यावी लागते कारण दुकानात चौकटीबाहेरचं खूप खपवतात. सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्सचा नियम २(यू). मोटरची ३० मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, म्हणजे २५० वॅटच्या आत. वेग ताशी पंचवीसच्या आत. पॅडल-असिस्ट, म्हणजे पाय मारताना मोटर मदत करते अशी सायकल असेल तर पंचविसाला पोचता पोचता मोटरचा जोर कमी होत जाऊन बंद व्हायला हवा, आणि पॅडल थांबवलं तर त्याआधीच. बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या वर नको. ब्रेक धड, पुढे पांढरा रिफ्लेक्टर, मागे लाल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं नियम १२६ मधल्या टेस्टिंग एजन्सीनं, म्हणजे पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट वगैरे, तपासून लिहून दिलेलं असलं पाहिजे. एवढं असेल तर ते मोटर व्हेईकल धरलं जात नाही, नंबर नाही, लायसन्स नाही, इन्शुरन्सची सक्ती नाही.

ती ३० मिनिटांची पॉवर म्हणजे मोटर सलग अर्धा तास जेवढी ताकद देऊ शकते ती. चढावाला दोन सेकंद मारलेला जोर वेगळा. त्यामुळे खोक्यावर 'पीक ४०० वॅट' छापलंय म्हणून लगेच घाबरायचं नाही, आणि '२५० वॅट' छापलंय म्हणून लगेच विश्वासही ठेवायचा नाही. टेस्टिंग एजन्सीच्या रिपोर्टमध्ये बघायचं.

म्हापशाला आणि पर्वरीला दुकानं फिरलो. एका ठिकाणी स्कूटरसारखी दिसणारी गाडी दाखवली, 'लो स्पीड, नो लायसन्स', आणि सेल्समन भाच्याच्या कानात सांगतो की कंट्रोलरची ही एक वायर काढली की पंचेचाळीस जाते. मी तिथेच उभा! त्याला विचारलं, वायर काढल्यावर हा तुमचा रिपोर्ट काय कामाचा? गप्प. वायर काढली की पंचविसाची अट मोडली, सूट संपली, परत तेच सगळं, नंबर, लायसन्स, १९९ए. दुसऱ्या ठिकाणी ५०० वॅटची जाड टायरवाली सायकल 'सायकल आहे हो' म्हणून दाखवली. रिपोर्ट मागितला तर ब्रोशर दिलं. मोठ्या मोटरच्या इलेक्ट्रिक गाड्या वाईट नव्हेत, २०२१ च्या ऑगस्टपासून त्यांना रजिस्ट्रेशनची फीसुद्धा माफ आहे, हिरवी प्लेट पांढरी अक्षरं, पण ती अप्रूव्ह झालेली गाडी पाहिजे आणि चालवणारा लायसन्सवाला पाहिजे.

शेवटी एका दुकानदारानं न मागता टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स काढून दिली, तिथेच घेतली. बिलावर मॉडेल आणि फ्रेम नंबर लिहून घेतला, रिपोर्टमधल्या मॉडेलशी जुळवून बघितला, दोन्ही लॅमिनेट करून सीटखालच्या पिशवीत. हेल्मेटची कायद्यानं सक्ती नाही पण बहिणीची आहे.

चालवायला कशी? सपाटीला मस्त, चढावाला २५० वॅट हाशहुश करते, पाय मारावेच लागतात, भाचा पहिल्या आठवड्यात वैतागला होता. पावसात थ्रॉटलमध्ये पाणी जातं म्हणून त्यावर प्लास्टिक बांधतो, बॅटरी काढून घरात चार्ज. एकदा नाक्यावर ट्रॅफिकवाल्यानं अडवलं, नंबर कुठे म्हणून. पोरानं कागद काढून दिले, त्यानं रिपोर्टमधली वेगाची ओळ बघितली, कंट्रोलरच्या वायरी वाकून बघितल्या (म्हणजे त्यांनाही माहीत आहे ते वायरचं), आणि सोडलं.

भावजी परत बोटीवर गेलेत. परवा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप आला, एका इलेक्ट्रिक मिनीबाईकची लिंक, १००० वॅट, खाली लिहिलेलं 'यात तर पेट्रोलच नाही, ही चालेल ना?' मी लिहिलं ३० मिनिटांची पॉवर किती ते विचारा त्यांना. रात्री उत्तर आलं, 'विचारलं, ते म्हणतात बॅटरी चाळीस मिनिटं चालते.'